तिसऱ्या सकाळची खुर्ची

तिचा आवाज सगळ्या गावाला ठाऊक होता. चेहरा फारसा कुणाला नव्हता. बस डेपोच्या चौकशीच्या खिडकीमागे, काचेच्या केबिनमध्ये, एका जुन्या मायक्रोफोनसमोर बसून तिने उमेदीची वर्षं काढली. लोक तिला अनाउन्सरबाई म्हणत. गाडी सुटत असल्याचं ती अशा आवाजात सांगायची की धापा टाकत येणाऱ्याला वाटावं, अजून आपल्यासाठी दोन पावलांचा अवधी आहे. नवरा त्याच डेपोत ड्रायव्हर होता. चारचौघांत तो हमखास म्हणायचा, "मी गाडीत चढायच्या आधीच हिने मला सोडलेलं असतं."

नोकरीला लागली तेव्हा तिथल्या जुन्या कंट्रोलरने तिला एकच गोष्ट शिकवली होती. "गाडी आली तर आली म्हणा. नाही आली तर नाही आली म्हणा. येईलसं वाटतं, हे आपल्या पगारात बसत नाही." तेव्हा ती हसली होती. पुढे ते तिच्या हाडीमाशी भिनलं. घरीसुद्धा कुणी विचारलं, पाऊस येईल का गं, तर ती खिडकीशी जाऊन म्हणायची, "ढग आहेत." नवरा कपाळावर हात मारून घ्यायचा आणि छत्री घेऊन निघायचा.

तिचे वडील सिनेमाच्या थिएटरात ऑपरेटर होते. जन्मभर त्यांनी प्रोजेक्टरच्या कोंडवाड्यासारख्या खोलीत उभं राहून भिंतीतल्या चौकोनी भोकातून सिनेमे पाहिले. पाहिले म्हणजे काय, तर रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात काळा ठिपका उमटतो, त्यावर डोळा ठेवला. ठिपका दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं. नायिका मेली तरी त्यांचं लक्ष ठिपक्यावर. "निवृत्त झालो की एकेक सिनेमा निवांत बसून बघणार," असं ते म्हणायचे. निवृत्त झाले आणि काचबिंदूने हळूहळू दोन्ही डोळे खाल्ले. वाढलेलं ताट कुणीतरी समोरून ओढून न्यावं, तसं झालं. त्यांनी कधी तक्रार केली नाही. फक्त टीव्ही लागला की खुर्ची भिंतीकडे वळवून बसायचे, जणू आता भिंतीत एखादं भोक सापडेल.

एका रविवारी दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. टीव्हीवर कुठलासा जुना सिनेमा चालला होता. तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "बाई जिना उतरते आहे. हातात दिवा आहे. दिवा विझला."

बाबांनी मान वळवली. "कुणी विझवला?"

"दिसत नाही."

"वारा?"

"पडदे हलत नाहीयेत."

"बरं," बाबा म्हणाले आणि त्यांनी खुर्ची टीव्हीकडे फिरवली. "पुढे सांग."

तिथून ते सुरू झालं. एकाचे दोन, दोनाचे आठ-दहा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य घालवलेल्या आणि म्हातारपणी नजर गेलेल्या एक मावशी येऊ लागल्या. त्यांना सगळे टेलिफोनमावशी म्हणत. जन्मापासून न दिसणारे एक वकील येऊ लागले, ज्यांची जीभ कोर्टात जितकी चाले त्याहून बाहेर जास्त चाले. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण ज्याने काढली त्याला मी शोधतो आहे. अजून दिसला नाही." मग त्यांनी आपली काठी दाराशी टेकवली आणि सर्वांत चांगली गादी अचूक शोधून काढली.

काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. पात्रं बोलत असताना आपण बोलायचं नाही. दोन वाक्यांच्या मधल्या फटीत जेवढं मावेल तेवढंच सांगायचं. परदेशी सिनेमा असला तर पडद्याच्या तळाशी येणारी भाषांतराची अक्षरंही तिलाच वाचून दाखवावी लागत. आणि सर्वांत मोठा नियम तिचा स्वतःचा होता: दिसतं ते सांगायचं, वाटतं ते नाही. "तो रागावला आहे" असं ती म्हणत नसे. "त्याचा जबडा आवळलेला आहे" म्हणत असे. वकील कुरकुरायचे, "बाई, कधीतरी सरळ सांगा की तो बदमाश आहे." ती सांगायची, "ते तुम्ही ठरवा. तुमचाच धंदा आहे."

एक दिवस सिनेमा संपल्यावर सगळे गेले. बाबा तसेच बसून राहिले.

"पोरी, मला एकदा थिएटरात बसायचंय," ते म्हणाले. "आतल्या खोलीत नाही. खाली, खुर्च्यांत. लोकांबरोबर."

जन्म थिएटरात गेला आणि हे सुख तेवढं राहिलं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. तिला ते कळलं.

गावात एक चित्रपट मंडळ होतं. सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या सभागृहात महिन्यातून एका रविवारी सकाळी ते परदेशी सिनेमे दाखवायचे आणि नंतर चर्चा व्हायची. सभासद शांततेचे मोठे भोक्ते. खोकला आला तरी माणसं मध्यंतराची वाट बघत. ती मंडळाच्या चिटणिसांना भेटायला गेली. ते पेपर बाजूला ठेवून ऐकत राहिले.

"बाई, माझी ना नाही," ते म्हणाले. "पण घोडं पेंड खातं ते सभासदांपाशी. आमच्याकडे कुणी चिवड्याची पिशवी वाजवली तरी पुढच्या सभेत ठराव येतो. तुम्ही तर अख्खा सिनेमा बोलणार."

"हळू बोलेन. शेवटच्या रांगांत बसू."

"हळू म्हणजे किती?"

तिने बोलून दाखवलं. त्यांच्या टेबलावर काय काय आहे ते, फुटलेल्या दांडीच्या चष्म्यापासून थंड झालेल्या चहापर्यंत, तिने त्याच आवाजात सांगितलं. चिटणिसांनी नकळत चष्म्याची दांडी झाकली.

"एक प्रयोग करू," ते म्हणाले. "चर्चेनंतर सभासद हात वर करून काय ते ठरवतील. पण एकदा नाही ठरलं की मग पुन्हा विचारायचं नाही, एवढं बघा."

सिनेमा त्यांनीच निवडला. काउबॉयचा. "पण सरळ नाही हं. याचा अर्थ काय, यावर तिकडचे लोकही अजून भांडतात. बोलणं कमी आहे, तुम्हाला सोपं जाईल."

घरी नवरा म्हणाला, "बोलणं कमी म्हणजे तुला जास्त. याला सोपं म्हणतात होय?"

तिने सिनेमा आधी दोनदा पाहून घेतला. गोष्ट एवढीशी होती. उन्हाने तापलेलं, एका रस्त्याचं गाव. एक घोडेस्वार येतो. त्याच्यामागे दुसरा घोडा, आणि त्याच्या पाठीवर बांधलेली एक साधी लाकडी खुर्ची. खाणावळीसमोर, भर रस्त्यात, तो ती ठेवतो. "येणाऱ्यासाठी आहे," एवढंच म्हणतो आणि निघून जातो. कोण येणार, कधी येणार, काही नाही. गाव खुर्चीला वळसा घालून चालू लागतं. गाड्या बाजूने जाऊ लागतात. गावचा श्रीमंत ती विकत मागतो, पण मागायची कुणाकडे? दोघांत गोळीबार होऊन एक जण पडतो, पडताना खुर्चीला धरतो, पण बसत नाही. खाणावळवाली बाई सकाळी येऊन खुर्चीवरची धूळ पुसते. मग विहिरी आटतात, लोक सामान बांधतात, गाव रिकामं होतं. शेवटी खाणावळवाली दाराला कुलूप लावते, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहते. पुढच्या चित्रात नुसती खुर्ची आहे, बाई नाही. घोड्याच्या टापा ऐकू येतात. संपलं.

तो रविवार उजाडला. नवऱ्याने शेजाऱ्याची मोठी गाडी मागून आणली आणि सगळ्यांना कोंबून नेलं. सभागृहात शिरताना बाबा दारातच थांबले. खुर्च्यांच्या पाठींवरून हात फिरवत ते एकेक रांग मोजत मागे गेले आणि आपल्या जागी असे बसले की जणू कुणी उठवेल.

दिवे मालवले. तिने सुरुवात केली. आवाज इतका खाली होता की तिच्या दोन रांगा पुढे तो नुसता श्वासासारखा लागत असावा. तरी पुढचे एक निवृत्त इंजिनियर दोनदा मागे वळले. तिने पाहिलं आणि सांगत राहिली. "घोडा थांबला. माणूस खाली उतरतो. खुर्चीचे चार पाय धुळीत टेकवतो. नीट बसवतो. हलवून बघतो." मागच्या रांगेत टेलिफोनमावशींनी पदर तोंडाला लावला. पहिल्या सकाळी बाई खुर्ची पुसते, तिने सांगितलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा पुसते, तेही सांगितलं. तिसऱ्या सकाळी मात्र बाई आणि गावचा न्हावी खूप बोलतात. गाव सोडून जाण्याचं बोलतात. अक्षरं धो धो येऊ लागली, ती वाचत सुटली, श्वास घ्यायलाही फट नव्हती, आणि दृश्य संपलं.

दिवे लागले. चर्चा सुरू झाली.

एका तरुणाने पहिल्याच दमात सांगून टाकलं की खुर्ची म्हणजे सत्ता. आपल्याकडे लहान मूलही सांगेल, असं कुणीतरी पुटपुटलं. एक बाई म्हणाल्या, खुर्ची म्हणजे देव. सगळे वळसा घालतात, जवळ कुणी जात नाही.

वकील उठले. "माझ्या मते न्याय. खुर्ची आहे, बसणारा नाही. मी आमच्या कोर्टात रोज बघतो. म्हणजे बघत नाही."

सभागृह हसलं. मघाचे इंजिनियर मागे वळून म्हणाले, "मला तुम्हा मंडळींना एक विचारायचंय. शेवटच्या टापा येताना होत्या की जाताना? तुमचे कान तिखट असणार."

"साहेब, डोळे गेले म्हणून कान दुप्पट मिळत नाहीत," वकील म्हणाले. "मलाही कळलं नाही. बरं वाटलं, तुम्हालाही कळलं नाही म्हणून."

मग बाबा उठले. पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून ते उभे राहिले.

"खुर्चीवर कोण बसणार, यात आपण सगळे अडकलो," ते म्हणाले. "मी बसणाऱ्याचा विचार सोडला. पुसणारीचा केला. ही बाई पहिल्या दिवशी पुसते, दुसऱ्या दिवशी पुसते. येणारा येईल म्हणून अख्खं गाव आपलं जगणं लांबणीवर टाकतं आणि त्या वाट बघण्याची हमाली ही एकटी करते. तिसऱ्या दिवशी ती पुसत नाही. तिथे सिनेमा फिरतो. तिने फडकं टाकलं आणि गाव मोकळं झालं. म्हणून लोक निघाले. विहिरी आटल्या हे निमित्त. कुणी येणार म्हणून थांबलेल्या सगळ्या माणसांची ही गोष्ट आहे."

मग टाळ्या पडल्या. चिटणीस स्वतः वाजवत होते. "वा," पुढचा तरुण म्हणाला, "हे मला सुचलंच नव्हतं." बाबा खाली बसले. त्यांचा चेहरा तिने इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. जबडा सैल, भुवया वर, ओठांचे कोपरे हललेले. दुसऱ्या कुणाबद्दल सांगायचं असतं तर तिने एवढंच सांगितलं असतं. पण हे बाबा होते, आणि ते आनंदात होते.

तिने टाळीसाठी उचललेले हात मात्र खाली ठेवले. कारण बाई तिसऱ्या सकाळीही पुसते. तिने घरी ते दोन्ही वेळा पाहिलं होतं. न्हाव्याशी बोलता बोलता, चित्राच्या कडेला, बाईचा हात खुर्चीवर फिरत असतो. आज अक्षरं वाचण्याच्या नादात तिचं सांगायचं राहिलं होतं.

तिने सभागृहावर नजर फिरवली. कुणीच हरकत घेत नव्हतं. तिला कळायला वेळ लागला नाही: डोळस मंडळीही त्या वेळी खाली अक्षरंच वाचत होती. त्या हाताकडे कुणीच पाहिलं नव्हतं. ती गप्प राहिली असती तर बाबांचा अर्थ तसाच उभा राहिला असता, चार मिनिटांत हात वर झाले असते, आणि दर महिन्याला बाबांना बसायला एक खुर्ची मिळाली असती. बोलली तर पहिला प्रश्न काय येणार हेही तिला दिसत होतं.

चिटणीस म्हणाले, "तर मग आपण ठरावाकडे..."

"थांबा जरा," ती म्हणाली. डेपोतल्या आवाजात. सगळे वळले. तो आवाज आणि चेहरा लोक पहिल्यांदाच एकत्र पाहत होते. "तिसऱ्या सकाळीही ती पुसते. मी ते सांगितलं नाही. मी अक्षरं वाचत होते. चूक माझी आहे, बाबांची नाही."

टेलिफोनमावशींनी चाचपडत तिचा हात शोधला. इंजिनियर उभे राहिले.

"बाई, मग सांगणाऱ्यावर भरवसा ठेवायचा कसा? यांनी एवढं सुंदर मांडलं आणि पायाच खोटा?"

"खरं आहे तुमचं," ती म्हणाली. "तेवढा भाग पुन्हा लावता येईल का?"

चिटणिसांनी मागे खूण केली. दिवे गेले. तिसरी सकाळ पुन्हा उगवली. बाई आणि न्हावी बोलू लागले, अक्षरं धावू लागली, आणि या वेळी सगळे कडेला बघत होते. हात होता. फडकं होतं.

अंधारातच इंजिनियर म्हणाले, "मी पाहिलं नव्हतं. मीही वाचतच होतो." त्यांचा आवाज मघासारखा नव्हता.

"कशी पुसते?" बाबांनी विचारलं.

तिने अक्षरं सोडून दिली. ती फक्त हाताबद्दल बोलू लागली, आणि आता आवाज खाली ठेवायची गरज नव्हती. "पहिल्या दिवशी दोन्ही हातांनी पुसत होती, वाकून. दुसऱ्या दिवशीही वाकून. आज वाकत नाही. एकाच हाताने पुसते आहे. खुर्चीकडे बघतही नाही. तोंड न्हाव्याकडे आहे. एक पाय खुर्चीच्या आडव्या पट्टीवर टेकवलाय. फडकं आता खांद्यावर टाकलं. हात खुर्चीवरच राहिला."

दिवे लागले. बाबा मान खाली घालून बसले होते. कुणी त्यांना घाई केली नाही.

"आपल्या घरातलं टेबल पुसतो तशी," बाबा अखेर म्हणाले.

"मी तसं म्हटलं नाही," ती म्हणाली.

"तू नाही म्हटलंस. मी म्हणतोय." ते उठले, या वेळी काही न धरता. "मग माझं मघाचं चुकलं. ती वाट बघणं टाकत नाही. तिचं वाट बघणं मधल्या मधे कधीतरी संपलंय, तिलाही न कळता. दुसऱ्यासाठी राखलेली जागा रोज पुसता पुसता तिचीच झाली. तो घोडेस्वार काय म्हणाला होता? येणाऱ्यासाठी आहे. अहो, जी रोज सकाळी येत होती ती कोण होती? गाव वेशीकडे डोळे लावून बसलं आणि येणारी खाणावळीच्या दारातून येत होती."

टेलिफोनमावशी म्हणाल्या, "आणि शेवटी ती बसली."

"ते दाखवलेलं नाही," ती म्हणाली.

"नसू दे दाखवलेलं. बसली," मावशी म्हणाल्या.

"मावशी, पुरावा?" वकिलांनी विचारलं.

"आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली मी, वकीलसाहेब. मला नका शिकवू पुरावा."

मग चर्चा कुणाच्या ताब्यात राहिली नाही. तरुण म्हणाला, मग सत्तेचा अर्थही सुटत नाही, उलट पक्का होतो. देववाल्या बाई त्याच्याशी भांडल्या. इंजिनियर मागच्या रांगेपर्यंत चालत आले आणि बाबांच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बसून विचारू लागले, की मग तो गोळी लागलेला माणूस खुर्चीला धरतो पण बसत नाही, त्याचं काय. बाबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि समजावू लागले. कुणाला दिसत होतं आणि कुणाला नाही, हे आवाजावरून ओळखता आलं नसतं.

चिटणिसांनी टेबल वाजवलं. "वाचनालय बंद व्हायची वेळ झाली. ठराव असा, की मंडळाच्या प्रत्येक खेळाला मागच्या रांगांत वर्णन चालेल. बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

"हरकत आहे," वकील म्हणाले. "किती हात वर झाले, ते आम्हाला कसं कळणार? मोजणी पारदर्शक हवी."

चिटणिसांनी तिच्याकडे पाहिलं. तिने घसा साफ केला.

"पहिली रांग," ती म्हणाली. "तरुण, दोन्ही हात. शेजारच्या बाई, एक हात, पर्स सांभाळून. दुसरी रांग, सगळे. तिसऱ्या रांगेत एक आजोबा झोपलेत, त्यांची बायको त्यांचा हात वर करते आहे."

"तो धरू नका," चिटणीस म्हणाले.

"धरला नाही. चौथी रांग, सगळे. मधली वाट रिकामी. खिडकीकडचे चौघे, चारही. चिटणीससाहेब टेबलामागे उभे आहेत, पेन खाली ठेवलं, हात वर. मागच्या रांगा, मावशी, वकीलसाहेब, सगळे. काठीसकट." ती थांबली. "इंजिनियरसाहेब बाबांच्या शेजारी. हात मांडीवर आहे. हात उचलला. खांद्यापर्यंत आला. तिथेच आहे."

"अजून तिथेच?" बाबांनी विचारलं.

"वर गेला," ती म्हणाली. "पूर्ण वर."